आमच्या हळुवार अल्बममधलं पाचवं गाणं

पन्नाशी जवळ आली की कुणी गुडघ्यांचा एक्स-रे काढतं, कुणी सायकल घेतं, कुणी अचानक पहाटे उठून योगासनं करायला लागतं. आम्ही चौघांनी हळुवार गाण्यांचा अल्बम काढायचं ठरवलं. त्याआधी पंचवीसेक वर्षं आम्ही हार्ड रॉक वाजवत होतो, म्हणजे आमचे शेजारी ज्याला "झालं का तुमचं सुरू?" म्हणायचे ते.

कुणी विचारलं तर मी सांगायचो की आता आम्हाला आवाजाच्या पलीकडचं काहीतरी शोधायचं आहे. हे वाक्य मीच तयार केलं होतं आणि ते मला फार आवडायचं. खरी कारणं अशी होती: लीड गिटार वाजवणाऱ्याच्या मानेत चमक भरायची, त्यामुळे जड गिटार गळ्यात अडकवून उभं राहणं त्याला जमेना. बेस वाजवणाऱ्याच्या कानात सतत शिट्टी वाजायला लागली होती. मी गायचो, पण एक गाणं पूर्ण ताकदीने ओरडलो की मला अंधारी यायची, आणि रक्तदाबाची गोळी घेतली का असं बायको दारातूनच विचारायची. चौघांत ठणठणीत असा एकच होता, ड्रमर. हळुवार व्हायचं का, हे आम्ही त्याला विचारलं नाही. त्याला सांगितलं.

आमची नावं इथे लिहीत नाही. तशी आम्ही आपसातही कधी वापरली नाहीत. लीडवाला दातांचा डॉक्टर, म्हणून तो डॉक्टर. बेसवाल्याच्या घरची द्राक्षं, दिंडोरी रस्त्याला पॅकहाऊस, म्हणून तो शेठ. ड्रमर मनमाडचा, रेल्वेत तंत्रज्ञ, म्हणून तो रेल्वे. मी अंबडला एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे, पण बँडमध्ये शब्द माझे, म्हणून मला कवी म्हणत. ही पदवी आहे की शिवी, हे मी कॉलेजपासून ठरवू शकलेलो नाही.

सराव शेठच्या पॅकहाऊसमध्ये चालायचा. निर्यातीची द्राक्षं गार करायला तिथे एक खोली आहे. हंगाम संपला की ती पुढच्या हंगामापर्यंत रिकामी असते. भिंती हातभर जाड, दाराला रबरी कडा. दार ओढून घेतलं की आतला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. आम्ही रिकाम्या क्रेटवर बसायचो आणि ही खोली मिळाली म्हणून स्वतःला नशीबवान समजायचो. आमच्यासारख्या माणसांना तीच शोभत होती, हे मला पुढे कळलं.

अल्बममध्ये सात गाणी आणि प्रत्येकाचा बाज वेगळा, असं ठरलं. डॉक्टरने साधी लाकडी गिटार घेतली आणि त्याच दिवसापासून तो सुती कुर्ता घालायला लागला. शेठने घरच्या भजनी मंडळाची पेटी आणली; तिची एक पट्टी दाबली की दोन वाजायच्या, याला तो 'पोत' म्हणायचा. मी हळू गायला शिकत होतो. घरी सराव करताना बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "गाताय की आत कुणी आजारी झोपलंय म्हणून कुजबुजताय?" मी तिला विविधतेबद्दल समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पण कुकरची शिट्टी झाली की थांबा, मला मोजायच्या असतात."

दुसऱ्या गाण्यात मागे पावसाचा आवाज हवा म्हणून आम्ही इगतपुरीला जाऊन पाऊस रेकॉर्ड करून आणला. इगतपुरीचा पाऊस हळुवार नसतो, हे नाशकातल्या कुणालाही माहीत आहे, आम्हालाही होतं. तरी गेलो. परत येऊन ऐकलं तर मोठ्या कढईत भजी तळल्यासारखं वाजत होतं. डॉक्टर म्हणाला, "राहू दे, उबदार वाटतंय."

या सगळ्यात ड्रमर दर रविवारी मनमाडहून तासभर रेल्वेने नाशिकरोडला यायचा, तिथून बसने पुढे. आधी मी त्याला घ्यायला स्टेशनवर जायचो. नंतर रविवारची भाजी, बायकोची बहीण, गाडीचं सर्व्हिसिंग अशी कारणं निघत गेली आणि बस त्याच्या अंगवळणी पडली. त्याने तक्रार केली नाही. मी तिची वाट पाहत होतो, म्हणजे मला माफी मागता आली असती.

हळुवार गाण्यांत ड्रमरचं करायचं काय, हा प्रश्न होता. पहिल्या रविवारी आम्ही त्याला सांगितलं, काठ्या हलक्या हाताने मार. दुसऱ्या रविवारी काठ्या काढून घेतल्या आणि तारांचे ब्रश दिले. ब्रशनेही तो मन लावून वाजवायला लागला, तर डॉक्टर म्हणाला की ब्रशचा आवाज झाडू मारल्यासारखा येतो. तिसऱ्या रविवारी डॉक्टरने खिशातून एक प्लास्टिकचं अंडं काढून त्याच्या हातात ठेवलं.

"हे काय?"

"शेकर. हलवायचं."

त्याने ते कानाशी नेलं. "आत काय आहे?"

"वाळू असेल बारीक."

"म्हणजे मी मनमाडहून नाशकात येऊन वाळू हलवायची."

"नजाकतीने हलवायची," डॉक्टर म्हणाला.

ड्रमर माझ्याकडे वळला. "कवी, तुला काय वाटतं?"

मला वाटत होतं की हे चुकतंय. मी म्हणालो, "गाण्याची गरज बघायला हवी."

त्याने दोन गाणी ते अंडं हलवलं. बिनचूक हलवलं. मधल्या सुट्टीत ते क्रेटवर ठेवून शेठला म्हणाला, "झाकून ठेव रे, उबवलं पाहिजे, नाहीतर पिल्लू निघायचं नाही." आम्ही खूप हसलो. तोही हसला. तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

मग पाचवं गाणं आलं.

त्याबद्दल सांगण्याआधी आणखी जुनी एक गोष्ट सांगावी लागेल. आम्ही विशीत असताना मनमाडला आमचा एक कार्यक्रम होता आणि तो आयोजकांनी ऐनवेळी रद्द केला. नाशिकची गाडी तीन तास उशिरा होती. डॉक्टर आणि शेठ चहा शोधायला गेले आणि ड्रमर नि मी फलाटावर बसलो होतो. तिथे त्याने मला त्याच्या घरातली गोष्ट सांगितली. त्याच्या आजोबांकडे गावात हलगीचं काम होतं. लग्न असो, जत्रा असो, कुणी मेलेलं असो, हलगी त्यांनी वाजवायची आणि मांडवाबाहेर उभं राहून वाजवायची. उरलेलं मिळेल ते घेऊन घरी जायचं. धम्म स्वीकारला त्या वर्षी आजोबांनी ते काम सोडलं, गाव सोडलं आणि मनमाडला रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागले. त्या हलगीचं त्यांनी काय केलं, तेही त्याने सांगितलं. नंतर त्या घरात कुणी हलगीला हात लावला नाही. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये पडून असलेला जुना ड्रमसेट याने वाजवायला घेतला, तेव्हा वडिलांनी एकच विचारलं होतं: "हे कुणाच्या दारात उभं राहून वाजवावं लागतं का?" तो नाही म्हणाला. वडील म्हणाले, "मग वाजव."

हे त्याने मला एकट्याला सांगितलं होतं. नंतर म्हणाला होता, "कुणाला बोलू नकोस उगाच." मी पंचवीस वर्षं बोललो नाही. पाचव्या गाण्याच्या वेळी बोललो.

झालं असं की डॉक्टर म्हणाला, "सात गाण्यांत एकाला तरी मातीचा आवाज पाहिजे." शेठ म्हणाला, "संबळ लावू." आणि माझ्या तोंडून आलं, "हलगी." इथवर ठीक होतं. पण मी थांबलो नाही. मी ड्रमरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आणि आपल्याला बाहेरचा माणूस लागणार नाही. याच्या आजोबांकडेच होती. याच्या रक्तातच असणार." मग खिशातून कागद काढला. गाणं मी आधीच लिहून ठेवलं होतं. त्यात आजोबा होते, मांडव होता, आणि त्या हलगीचं शेवटी काय झालं तेही होतं. सगळं प्रथमपुरुषी. 'आजा माझा हलगीवाला' अशी सुरुवात.

मी ते वाचून दाखवलं. वाचताना माझे डोळे भरून आले, हेही सांगायला हवं.

ड्रमर क्रेटवर बसून ऐकत होता. वाचून झाल्यावर त्याने शांतपणे विचारलं, "तुझे आजोबा काय वाजवायचे?"

"माझे? काही नाही. ते कलेक्टर कचेरीत कारकून होते."

"शिक्के मारत असतील ना?"

"हो, मारायचे."

"मग तेच वाजवू. ठप्प, ठप्प. शेठ, टेबल आण."

शेठ हसला. मीही हसलो. यावेळी तो हसला नाही.

"हलगी मी वाजवणार नाही," तो म्हणाला. "एकदाच सांगतोय."

डॉक्टरने कुर्त्याच्या बाह्या सावरल्या. "अरे, आता काळ बदललाय. आता कोण बघतं तसं? उलट तू अभिमानाने वाजवायला पाहिजे."

"डॉक्टर, तू वाजव अभिमानाने. मी तोवर अभिमानाने लोकांचे दात काढतो."

मग त्याने उरलेलं काम केलं, म्हणजे चौथ्या गाण्याचं अंडं हलवलं, डबा खाल्ला आणि गेला. जाताना माझ्याकडे बघून "चल" म्हणाला, नेहमीसारखंच. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. "ड्युटी असेल," शेठ म्हणाला. "असेल," मी म्हणालो. दर शनिवारी मी त्याला लांबलचक मेसेज लिहायचो. त्यात पश्चात्ताप इतका असायचा की वाचून मलाच बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की मी तो पुसून टाकायचो.

हलगीचं काम डॉक्टरने कॉम्प्युटरवर भागवलं. परदेशातल्या कुणीतरी भारतीय वाद्यांचे आवाज गोळा करून विकायला ठेवले होते. त्यात हलगीच्या आठ-दहा फायली होत्या आणि प्रत्येकीवर तिचा स्वभाव लिहिला होता. आम्ही 'ग्रामीण, आनंदी' अशी फाईल निवडली. दिंडोरी रस्त्याला, शेतांच्या मधोमध बसून, तीन माणसांनी परदेशातून गाव मागवलं.

आता मुख्य पाप. अल्बम इंटरनेटवर चढवताना प्रत्येक गाण्याखाली कोण काय वाजवतंय ते भरावं लागतं. फॉर्म भरणं माझ्याकडे होतं, कारण नोकरीत मी तेच करतो. आमच्याकडे पेटीतला माल आणि पेटीवरची चिठ्ठी जुळली नाही तर पूर्ण पेटी परत जाते. मी बावीस वर्षं अशा पेट्या परत पाठवतोय आणि लोकांच्या शिव्या खातोय. पाचव्या गाण्याखाली 'हलगी' असा रकाना आला आणि मी थांबलो. फाईलचं नाव टाकलं असतं तर सगळी माती कॉम्प्युटरची आहे हे दिसलं असतं. डॉक्टर म्हणाला, "रेल्वेचं नाव टाक. बँडमध्ये आहेच तो. आणि शोभतं."

मी टाकलं. त्याचाही मान राहील, असं स्वतःला सांगितलं. हे मी खरंच स्वतःला सांगितलं.

गंगापूर रोडच्या एका कॅफेत आम्ही अल्बमचा छोटा कार्यक्रम केला. ड्रमरला निमंत्रण पाठवलं, त्याचं उत्तर आलं नाही. चाळीसेक माणसं होती, त्यातली निम्मी डॉक्टरचे पेशंट. लाकडी गिटारीवर आणि पेटीवर टाळ्या बेताच्याच पडल्या. पावसाच्या गाण्याला मागच्या टेबलावरून कुणीतरी भजी मागवली, ती त्यांनी खरोखर मागवली होती. पण पाचव्या गाण्याला लोक उभे राहिले. एक बाई माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "किती घट्ट नाळ आहे हो तुमची मातीशी!" मी मान लववली. अंबडच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने मान लववली. कुणीतरी विचारलं, "हलगी कुणी वाजवलीय?" मी ड्रमरचं नाव सांगितलं. "वाटलंच," तो माणूस म्हणाला. त्याला काय वाटलं, हे मी विचारलं नाही. मला ते माहीत होतं.

दहा-बारा दिवसांनी ड्रमरचा फोन आला.

"बाबा माझ्याशी बोलत नाहीत," तो म्हणाला.

त्यांच्या कॉलनीतल्या कुणीतरी मोबाईलवर गाणं ऐकलं होतं, खालचं नाव वाचलं होतं आणि रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांसमोर त्याच्या वडिलांचं कौतुक केलं होतं: तुमच्या घरात हलगी परत आली म्हणे. वडील ऐंशीच्या घरातले. ते तसेच उठून घरी आले. मुलाने सांगितलं की मी वाजवली नाही. ते म्हणाले, "नाव तुझं हाय. लिहिलेलं खोटं असतं का?" हा माणूस लहानपणी वडिलांबरोबर गावातून बाहेर पडला होता, लिहिलेल्या शब्दावर विश्वास ठेवून नोकरीला लागला होता, त्याने मुलाला शिकवलं होतं. त्याला मी काय म्हणणार होतो?

"पाच दिवस झाले," ड्रमर म्हणाला. "मी समोर आलो की ताट घेऊन आत जातात."

"मी तुझी मनापासून माफी..."

"माझी नंतर माग. तुला माफी मागायला आवडतं, ते मला माहीत आहे. आधी इथे ये आणि त्यांना सांग. तू स्वतः. फोनवर नाही."

मी रजा काढली. निघताना पेढ्यांचा बॉक्स पिशवीत टाकला. बायकोने तो काढून घेतला. "कसले पेढे? पास झालात का?"

रेल्वेत मी बोलायचं पाठ करत होतो. कॉलनीतलं त्यांचं घर शोधावं लागलं नाही. ड्रमर नाक्यावर उभा होता. घरात वडील खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा, पुढे घडी घातलेला पेपर. त्यांनी जयभीम म्हटलं. मी नमस्कार म्हणालो, मग चूक लक्षात येऊन घाईने जयभीम म्हणालो, आणि ते इतकं मोठ्याने आलं की आतून सून डोकावून गेली.

"बसा. तुम्ही ते कवी का?"

"हो. काका, सर्वात आधी मला अंतःकरणापासून..."

"ते राहू द्या. वाजवली कोणी?"

"कोणीच नाही. कॉम्प्युटरने."

"कॉम्प्युटर कोणाचा?"

"आमच्यातले एक डॉक्टर आहेत, त्यांचा."

"मग याचं नाव का?"

पाठ केलेलं सगळं गेलं. मान, कृतज्ञता, मैत्री, असे बरेच शब्द तयार होते, पण त्या खोलीत त्यांतला एकही उभा राहीना. ड्रमर दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"शोभतं म्हणून," मी म्हणालो.

"शोभतं," ते म्हणाले. त्यांनी शब्द तेवढाच परत केला. मग म्हणाले, "ऐकवा."

मी मोबाईलवर गाणं लावलं. त्यांनी मान किंचित तिरकी करून ऐकलं. शेवटचं कडवं संपलं, तसा त्यांनी हात वर केला.

"शेकलेली नाय ही. ढिली हाय. मला तेच काम होतं ल्हानपणी. मांडवाबाहेर जाळ करायचा आन हलगी शेकून वडलांच्या हातात द्यायची. जरा ढिली वाजली की आतून शिवी यायची." त्यांनी मोबाईलकडे बोट केलं. "आन हा आजा माझा, आजा माझा करतोय, तो कोण?"

"मी."

"तुमच्या आजोबांनी धरली होती हलगी?"

"नाही."

"ऐकली असंल."

"हो. ऐकली असेल."

"मग तसं लिहा ना. मांडवातून ऐकली म्हणून. ते बी गाणंच झालं असतं."

ते बरोबर होतं. ते गाणं मला लिहिता आलं असतं. तो मांडव खरंच माझा होता. पण ते हळुवार झालं नसतं, आणि ऐकून कुणी माझे हात धरले नसते.

"आन शेवटी जे लिहिलंय," ते म्हणाले, "ते आमच्या घरातलं हाय. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी," दारातून ड्रमर म्हणाला.

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. "मित्राला सांगतो माणूस," ते म्हणाले. "त्यात काय नाय." मग माझ्याकडे वळून, "गाण्यात घालायला नव्हतं सांगितलं त्याने."

"मी ते काढतो, काका. नाव काढतो. पूर्ण गाणंच काढतो."

"काढा."

एवढंच. त्यांनी क्षमा केली नाही आणि मी ती मागितलेलीही त्यांनी ऐकून घेतली नाही. पेपर उचलला, चष्मा लावला, आणि पेपराच्या मागून मुलाला विचारलं, "सकाळपासून चहा झाला का तुझा?"

"नाही," तो म्हणाला.

"मग सांग आत. तिघांचा."

ड्रमर आत गेला. तो स्वयंपाकघरात जरा जास्तच वेळ होता. बाहेर आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. आम्ही तिघांनी चहा घेतला. वडील त्याच्याशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलले, नळाला पाणी किती दिवसांनी आलं त्याबद्दल बोलले, टाकीचं झाकण नीट बसत नाही म्हणून त्याला रागावले. तो "हो बाबा, हो बाबा" म्हणत होता. मी कपातलं संपल्यावरही कप धरून बसलो होतो.

तो मला स्टेशनपर्यंत सोडायला आला. फलाटावर मी विचारलं, "रविवारी येशील?"

"नाही."

"ड्युटी आहे?"

"ड्युटी नाही. येणार नाही."

गाडी वेळेवर आली.

नाशकात डॉक्टर आणि शेठला सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, "नाव बदल ना, गाणं कशाला काढतोस? तेच तर चाललंय." शेठ म्हणाला, "आपण त्यांचा सत्कार ठेवू." मी त्यांच्याशी वाद घातला नाही, वाद घालण्यात मी कधी जिंकलेलो नाही. पासवर्ड माझ्याकडे होता. गाणं काढलं आणि मग त्यांना कळवलं. डॉक्टर चिडला. मी बँडच्या प्रगतीच्या आड येतोय, असं त्याने ग्रुपवर लिहिलं. त्या ग्रुपमधून ड्रमर आधीच बाहेर पडला होता, त्यामुळे ते वाचायला मी आणि शेठच होतो. आता अल्बममध्ये सहा गाणी आहेत आणि ती कुणी ऐकत नाही. पाचव्याच्या जागी सहावं वर सरकलं.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी ड्रमरला फोन केला. यावेळी विचारायचं ठरवलं होतं.

"पुन्हा माझ्यावर?" तो म्हणाला.

"नाही रे, माझ्यावर आहे. माझी चूक आहे त्यात सगळी."

"तुझ्यावर असतं तर मला फोन कशाला केला असतास?"

मागे कुणीतरी जोरात ड्रम वाजवत होतं. रेल्वेतल्या पोरांना तो हल्ली शिकवतो. त्याने त्यांना थांबायला सांगितलं.

"लिही," तो म्हणाला. "बाबांना विचारतो, पण ते हो म्हणतील. त्यांना लिहिलेलं आवडतं. फक्त आजोबांनी त्या हलगीचं काय केलं, ते लिहायचं नाही. ते आमच्या घरात राहू दे."

मी हो म्हणालो. पण तोवर ते लिहून झालेलं होतं, दीड पान. ते मी या लेखातून काढलं. माझ्या मते तो यातला सगळ्यात चांगला उतारा होता, आणि काढताना मला वाईट वाटलं ते त्या आजोबांबद्दल नाही, उताऱ्याबद्दल.